फ्रायइन हे वडिलांचं नाव नव्हे! (मोती चौकाजवळचा छापखाना, साडेतीन तारे)

मुलाच्या लग्नाच्या 350 पत्रिका साताऱ्यात मोती चौकाजवळच्या एका बोळातल्या छापखान्यात छापून घेतल्या. दुकानाचं नाव लिहीत नाही. तक्रारी सांगायच्या आहेत आणि माणसं रोज समोर येणारी आहेत. साडेतीन तारे देतोय, त्यातला अर्धा एकट्या काकांचा. ते पुढं सांगतो.

मी तलाठी म्हणून निवृत्त झालो. नावातला एक काना इकडचा तिकडं झाला की सख्खे भाऊ प्रांताच्या कचेरीत उभे राहतात, हे आयुष्यभर बघितलंय. त्यामुळे प्रूफ मी दुसऱ्या कुणाला बघू देत नाही.

सून जर्मन आहे. मुलगा स्टुटगार्टला नोकरीला, तिथंच जमलं. तिच्या पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात 'फ्रायइन फॉन' आणि पुढं एका गावाचं नाव. फॉन म्हणजे 'अमुक गावचा', सरदारांच्या नावात असतो तो. गाव इथं लिहिलेलं तिला आवडणार नाही. तिच्या वडिलांच्या पासपोर्टवर 'फ्रायहेर फॉन', आईच्या 'फ्रायफ्राउ फॉन'. एका घरात तीन आडनावं! माझ्या सजात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, असा कागद आला असता तर मी तो परतच पाठवला असता.

व्हिडिओ कॉलवर तिनं समजावलं, मुलगा मध्ये मराठी करत होता. फ्रायहेर म्हणजे इंग्रजांचा बॅरन. पहिल्या महायुद्धातला 'रेड बॅरन' म्हणतात तो वैमानिक रिश्टहोफेन, तो फ्रायहेरच. सरदारांच्या उतरंडीत ग्राफच्या, म्हणजे काउंटच्या, खालची पायरी. फ्रायहेरची बायको फ्रायफ्राउ, बिनलग्नाची मुलगी फ्रायइन. 1918 ला कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, गादीवरून गेला आणि ऑगस्ट 1919 मध्ये जर्मन प्रजासत्ताकाची, वायमारची, राज्यघटना आली. तिच्या 109 व्या कलमानं जन्मानं मिळणारे विशेष हक्क रद्द केले, नव्या पदव्या देणं बंद केलं आणि जुन्या पदव्या नुसत्या नावाचा भाग म्हणून ठेवल्या. नावाचा भाग म्हटल्यावर बाईनंही फ्रायहेरच लावायचं का, हा प्रश्न आला. 1926 मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयानं सांगितलं, बाईचं रूप बाईला, पुरुषाचं पुरुषाला. म्हणजे शब्द तीन, आडनाव एकच.

हे सगळं कागदावर नीट लिहून मी छापखान्यात दिलं. तरी पहिल्या प्रुफात 'श्री. फ्रायइन फॉन अमुक यांची ज्येष्ठ कन्या' असं आलं. ऑपरेटर ताईंचा हिशेब साधा होता: आधी मुलीचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. खऱ्या वडिलांचं नाव पत्रिकेतून गायब. माझ्या डोळ्यांदेखत एका माणसाच्या जागी दुसरा वारस लागला होता.

दुसऱ्या प्रुफात तिघंही फ्रायहेर. ताई म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमच्या कागदात एकच आडनाव तीन प्रकारे पडलेलं, मी सारखं करून घेतलं." काय बोलणार? मीही हेच केलं असतं.

तिसऱ्याचा दोष छापखान्याचा नाही. माझ्या धाकट्या भावानं मला न विचारता तिथं फोन केला आणि प्रुफात सोनेरी फॉइलमध्ये 'बॅरोनेस' आलं, खाली 'जर्मनीतील श्रीमंत राजघराण्यातील'. फ्रायहेर म्हणजे राजघराणं नव्हे, हे त्याला कोण सांगणार. सुनेला फोटो पाठवला तर तिचा फोन लगेच आला, आवाज चढलेला. तिचे वडील शाळेत भूगोल शिकवायचे. घर भाड्याचं. "बाबा, ते आडनाव आहे, मिरवायचं नाही," असं मोडक्या मराठीत म्हणाली. भावाला मी ते जसंच्या तसं ऐकवलं.

आता काका. दुकानाच्या मागच्या खोलीत सत्तरीचे एक गृहस्थ कटिंगच्या मशीनपाशी बसलेले असतात. पूर्वी याच छापखान्यात ते शिशाचे खिळे जुळवायचे. तीन प्रुफांचा गोंधळ ऐकून ते उठले, चष्मा पुसला, माझा कागद वाचला आणि एकच विचारलं, "भाऊसाहेब, हे श्रीमंतासारखं पुढं लावायचं का जहागीरदारासारखं मागं?"

सगळा मामला एवढाच होता. जुन्या काळी ग्राफ नावाच्या आधी यायचा. आता जर्मनीत तो पहिल्या नावानंतर, आडनावाच्या सुरुवातीला येतो. त्यांचे एक आर्थिक व्यवहार मंत्री होते, ऑटो ग्राफ लाम्ब्सडोर्फ. ग्राफ ऑटो नव्हे. त्यांचं पूर्ण नाव तर ऑटो फ्रिडरिश विल्हेल्म फ्रायहेर फॉन डेअर वेंगे ग्राफ लाम्ब्सडोर्फ, म्हणजे फ्रायहेरही आणि ग्राफही. हे नाव सातबाऱ्याच्या रकान्यात बसवायचं म्हटलं तर मी रजा टाकली असती.

मला हे कळायला चार दिवस लागले. लाज वाटायला हवी, कारण माझ्याच सजात एक जहागीरदार होता. गुंठाभर जमीन नाही, दुसऱ्याच्या रानात ऊस तोडायचा. माझ्या हाताखालचा कोतवाल आडनावानं पाटील. पाटीलकी 1962 च्या कायद्यानं गेली, पाटील कुठं गेले? काकांनी 'फ्रायइन'च्या आधीचं 'श्री.' खोडलं, वडिलांची ओळ वेगळी घेतली, बॅरोनेसवर काट मारली. दहा मिनिटांत झालं.

पाहुण्यांच्या यादीत सुनेचे एक चुलत काका व्हिएन्नाचे. घराणं तेच, पण नावात ना फ्रायहेर ना फॉन. ताईंनी यावेळी आधी विचारलं, "यांचं फॉन टाकायचं राहिलं का?" राहिलं नाही, सरकारनं काढलं. ऑस्ट्रियात एप्रिल 1919 च्या कायद्यानं पदव्या मुळापासून गेल्या, नावातला फॉनसुद्धा. शेजारचे दोन देश, साल एक, निकाल वेगळे.

भाऊ अजून सोडत नव्हता. असलं नाव आपल्याला कुठं मिळतं का, म्हणून सुनेलाच विचारलं. ती हसली आणि हो म्हणाली. नावाचाच भाग असल्यानं दत्तक गेलं की मिळतं. हान्स रोबर्ट लिश्टेनबर्ग नावाचा माणूस 1980 मध्ये अनहाल्टच्या एका राजकन्येला दत्तक गेला आणि प्रिन्त्स फॉन अनहाल्ट झाला. साताऱ्याच्या माणसाला दत्तक या शब्दावर थांबावंच लागतं. 1848 मध्ये दत्तक नामंजूर करून डलहौसीनं इथलं राज्य खालसा केलं. आमच्याकडं दत्तक घेऊन राज्य टिकलं नाही, त्यांच्याकडं राज्य गेल्यावर दत्तकानं प्रिन्स होता येतं. सून म्हणाली, जुनी घराणी असल्यांना आपल्यात धरत नाहीत, पण पासपोर्टवर नाव पडतंच.

आता तक्रारी. पाकिटांवर नावं छापून वर्णानुक्रमे गठ्ठे लावून देतो म्हणाले, त्याचे वेगळे पैसे घेतले. सगळी जर्मन पाकिटं 'फ'च्या गठ्ठ्यात, फॉन म्हणून. जर्मन माणूस असं लावत नाही, खरं नाव बघतो. गटे कवीला 1782 मध्ये फॉन मिळाला, तरी तो 'ग'मध्येच शोधायचा. हे मी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून अर्धा दोष माझा. पण पाकिटाची खळ सुटते, तो पूर्ण त्यांचा. निम्मी पाकिटं बायकोनं आणि मी रात्री बसून घरच्या खळीनं चिकटवली. पाच दिवसांचे बारा दिवस झाले, हेही लिहून ठेवतो.

कागद चांगला आहे, जाड, गणपतीचं फॉइल निघत नाही. एका पत्रिकेला 24 रुपये पडले. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेलं नाव मात्र शुद्धलेखनाची एकही चूक न होता छापलं गेलं.

व्याही आल्यावर त्यांनी पत्रिका हातात घेतली, मुलाला एकेका शब्दाखाली बोट ठेवून विचारत बसले. चि., सौ. कां., श्री., सौ., खाली कै. लावलेले माझे वडील. प्रत्येकाच्या आधी काहीतरी आहेच. शेवटी मला विचारलं, यातली सगळ्यात वरची पदवी कुठली? मी 'कै.'वर बोट ठेवलं. मुलानं भाषांतर केलं तेव्हा ते इतके हसले की हातातला चहा शर्टावर सांडला.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, तेव्हा काका असतात.