खटक्याचे वायर कनेक्टर : अकरा महिने वापरल्यानंतर

गीझर लावला की बाथरूमचा दिवा थरथरायचा. बल्ब बदलून झाला, स्विच बदलून झाला, फरक शून्य. शेवटी एका रविवारी मेन बंद केला आणि छताजवळची जंक्शन पेटी उघडली. आत तीन न्यूट्रल (वीज परत नेणाऱ्या वायरी) एकत्र पिळून, वर काळी टेप गुंडाळून कोपऱ्यात कोंबलेले. टेप सोडवायला गेलो तर ती सुटेना, तिचा चिकट राडा होऊन बोटांना लागला. आतलं तांबं काळं पडलं होतं आणि वायरचं कव्हर दोन बोटं लांबीपर्यंत इतकं कडक झालं होतं की वाकवताच तडकलं. बाकीची वायर ठणठणीत होती, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) बरोबर होता, आणि आग लागायची तयारी मात्र त्या एका जॉइंटमध्ये चालू होती.

त्या दिवसापासून घरातला प्रत्येक जॉइंट खटक्याच्या कनेक्टरवर घ्यायचा असं ठरवलं. नऊ पेट्या, सेहेचाळीस जॉइंट. हळूहळू केलं, महिनाभर लागला. आज त्याला अकरा महिने झाले आहेत. मध्ये सहा महिन्यांनी सगळ्या पेट्या पुन्हा उघडून बघितल्या, त्यामुळे हे नुसत्या पहिल्या दिवसाच्या उत्साहात लिहीत नाही.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पारदर्शक प्लास्टिकचा छोटा ठोकळा, दोन, तीन किंवा पाच खाचांचा, प्रत्येक खाचेवर एक छोटा खटका. खटका उभा केला की आतली स्टीलची स्प्रिंग मागे सरते. सोललेली वायर आत घालायची, खटका खाली पाडायचा, की स्प्रिंग वायरला तांब्याच्या पट्टीवर दाबून धरते. पट्टीला कथिलाचा मुलामा असतो. स्क्रू नाही, पीळ नाही, टेप नाही. स्प्रिंगने वायर धरायची ही पद्धत नवीन अजिबात नाही. जर्मनीतल्या मिंडेनची वागो कंपनी १९५१ पासून याच कामात आहे. घरगुती कामात मात्र ती अजून बऱ्याच जणांपर्यंत पोचलेली नाही, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं.

स्प्रिंगचा फायदा नेमका काय, हे मला कनेक्टर पट्टीने शिकवलं. बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनला आधी स्क्रूची पट्टी होती. दीडची (म्हणजे दीड चौरस मिमी) मल्टिस्ट्रँड, बारीक तारांची वायर, स्क्रू मी स्वतः घट्ट आवळलेला. वर्षभरात तो पाऊण फेरा फिरत होता, इतका ढिला. तांबं मऊ असतं. दाबाखाली बारीक तारा हळूहळू पसरतात, बसतात, वर फॅनचा कंप असतोच. तारा बसल्या की स्क्रू जिथल्या तिथे राहतो आणि मध्ये फट पडते. स्प्रिंग तारांच्या मागोमाग सरकत दाबत राहते. तारांना कथिल लावून स्क्रूखाली घालण्याची सवय तर सोडूनच द्या, कथिल तांब्यापेक्षाही लवकर दबतं आणि जॉइंट आणखी लवकर ढिला होतो.

काढलेला जुना न्यूट्रलचा जॉइंट मी फेकला नाही. दोन्ही बाजूंना थोडी वायर ठेवून कापून घेतला आणि टेबलावर १२ व्होल्टच्या पॉवर सप्लायवरून त्यातून १० अँपिअर सोडले. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून जॉइंटच्या अलीकडे आणि पलीकडे तांब्यावर टोकं टेकवली. आकडा एका जागी थांबेना. वायर नुसती हलवली की १५० वरून २४० वर जायचा, परत खाली यायचा. साधारण २०० धरले तर १० अँपिअरला ते २ वॅट होतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ही २ वॅट उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, टेपच्या चार वेढ्यांत कोंडलेली, रोज, गीझर चालेल तितका वेळ. मग त्याच अडीचच्या वायरची ताजी टोकं सोलून कनेक्टरमध्ये घातली आणि तसंच मोजलं: ७ मिलिव्होल्ट. त्यातलाही जवळपास अर्धा वाटा टोकांच्या मधल्या तांब्याचाच. वायर हलवली, ओढली, पिळली, आकडा ७ वरच. हा प्रयोग मी मुद्दाम कमी व्होल्टेजवर केला. चालू लाइनवर असलं काही करू नका, काही गरज नाही.

आमच्याकडे वर्षानुवर्षं काम करणारे वायरमन काका आहेत, त्यांना हे दाखवलं. म्हणाले, "अरे, पीळ नीट दिला ना, तर वीस वर्षं बघावं लागत नाही. लोक देत नाहीत नीट." त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. त्यांनी मारलेले जॉइंटही मी उघडले आहेत. तारा समांतर धरून पकडीने दिलेला एकसारखा पीळ, टोक दुमडलेलं, तांबं अजून लालसर. पण तो हात घडायला उमेदवारीची वर्षं जातात, आणि छताच्या पेटीत शिडीवर उभं राहून मान वर करून तीन वायरी पिळताना चांगल्या हाताचाही पीळ एखादा कमी पडतो. कनेक्टर ते कौशल्य हातातून काढून स्प्रिंगमध्ये ठेवतो. माझ्यासारख्या, वर्षात पाच-दहा जॉइंट मारणाऱ्या माणसासाठी हा फार मोठा फरक आहे.

एक कौशल्य मात्र हातातच राहतं, ते म्हणजे वायर सोलणं. माझ्या कनेक्टरवर ११ मिमी छापलेलं आहे, आणि ते ११ म्हणजे ११. सहा महिन्यांनी तपासताना हॉलच्या पेटीत एक कनेक्टर सापडला ज्यात मी वायर जेमतेम ७ मिमी सोलली होती. पारदर्शक अंगातून टॉर्चने स्वच्छ दिसलं: स्प्रिंगच्या दाताखाली अर्धं तांबं, अर्धं लाल पीव्हीसी. दिवा नीट लागत होता, ओढल्यावर वायर सुटतही नव्हती, कारण स्प्रिंगने कव्हरच पकडलं होतं. म्हणजे ओढून बघणं आवश्यक आहे, पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. डोळ्यांनी बघा. तांबं पट्टीच्या पलीकडे टेकलेलं दिसलं पाहिजे आणि खाचेच्या बाहेर उघडं तांबं दिसता कामा नये. पारदर्शक अंग हा मला या वस्तूतला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. आता मी एका जुन्या वायरच्या तुकड्यावर ११ मिमीची खूण करून तो हत्यारांच्या पेटीतच ठेवतो आणि प्रत्येक टोक त्याला लावून सोलतो. साधा स्ट्रिपर घ्या. चाकूने सोलताना दोन-चार तारा हमखास कापल्या जातात.

एका खाचेत एकच वायर. कनेक्टरच्या पाचही खाचा भरल्या म्हणून दोन दीडच्या वायरी एका खाचेत घातलेलं मी एका ओळखीच्या घरी बघितलं. दोन्हींपैकी एकच नीट दाबली जाते, दुसरी नुसती सोबतीला असते. खाच कमी पडली तर दुसरा कनेक्टर घ्या आणि एका छोट्या वायरने दोघांना जोडा.

अंगावर ३२ अँपिअर, ४५० व्होल्ट, ४ चौरस मिमी असं छापलेलं असतं. हा आकडा कनेक्टरचा आहे, तुमच्या वायरचा नाही. त्यात दीडची वायर घातली म्हणून तिच्यातून ३२ अँपिअर जायला लागत नाहीत. किती लोड चालेल ते सगळ्यात बारीक वायर आणि एमसीबीच ठरवतात.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. पहिली जागेची. पाच खाचांचा कनेक्टर साधारण ३० मिमी रुंद आणि साडेआठ मिमी जाड असतो. जुन्या उथळ पेटीत असे चार बसवून, वर वायरी दुमडून झाकण लावायचं म्हणजे कसरत. दोन पेट्या मला शेवटी खोल बदलाव्या लागल्या. दुसरी तक्रार खटक्यांची. नवे असताना ते बरेच कडक असतात, आणि शिडीवर घामेजल्या बोटांनी दहावा खटका उघडताना अंगठ्याचं टोक हुळहुळायला लागतं. मी आता खाली टेबलावरच सगळे खटके उघडून ठेवतो आणि मग शिडीवर चढतो. जोर कमी लागत नाही, पण तो आधीच जमिनीवर लावून झालेला असतो.

तिसरी गोष्ट नकलांची, आणि याबद्दल मी अगदी गंभीरपणे सांगतो. एका दिव्याच्या फिटिंगबरोबर दोन कनेक्टर फुकट आले होते. दिसायला हुबेहूब, पण अंगावर ना अँपिअर, ना व्होल्ट, ना वायरचा आकार. खटका खाली पडताना जो स्पष्ट 'टक' जाणवतो तो नव्हता, नुसताच मऊसर खाली जायचा. एकची मल्टिस्ट्रँड घालून ओढली, तर दोन बोटांच्या जोराने सुर्रकन बाहेर आली. तोडून बघितलं तर आत पातळ पत्रा, आणि स्प्रिंग बोटाने वाकत होती. अशी वस्तू भिंतीत बंद करू नका. छापलेले आकडे, त्यावरची मानकाची खूण आणि तो 'टक', हे तिन्ही असल्याशिवाय मी आता घेत नाही.

खटक्याशिवायचे, नुसते ढकलून बसवायचे कनेक्टरही मिळतात. ते एकसंध, कडक वायरीसाठी छान आहेत आणि जागाही कमी खातात. पण मल्टिस्ट्रँड वायर त्यात ढकलली की तारा मागे दुमडतात. आपल्या घरात मल्टिस्ट्रँड असेल तर खटक्याचेच घ्या. शिवाय खटक्याचा कनेक्टर उघडून पुन्हा वापरता येतो. मी काही तीन-चारदा उघडले, पकड तशीच आहे.

ॲल्युमिनियमची वायर असेल तर हा माझा लेख तुमच्या कामाचा नाही. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर क्षणात चढतो, त्याला वेगळी पेस्ट आणि वेगळी पद्धत लागते. बाहेर अंगणातही हे उघडे लावू नका, पाण्यापासून त्यांना काहीच संरक्षण नाही. मी बाहेरच्या दिव्याचा जॉइंट रबरी गॅस्केटच्या बंद पेटीत घेतला, वायर खालून आत आणली, आणि एक अख्खा पावसाळा गेल्यावर उघडली तेव्हा पेटी कोरडी होती.

रोजच्या कामात एक सोय फार आवडली. कनेक्टरला टेस्टरचं टोक जाईल अशी बारीक फट असते. मागच्या महिन्यात जिन्यातला दिवा बंद पडला तेव्हा एकही जॉइंट न सोडता, झाकण काढून, फेज कुठपर्यंत येतोय ते दोन मिनिटांत कळलं. टेपच्या जॉइंटला हेच करायचं तर आधी टेप फाडा, मग परत गुंडाळा.

घेणाऱ्यांसाठी हिशोब एवढाच: माझ्या सेहेचाळीस जॉइंटमध्ये तीन खाचांचे अठ्ठावीस लागले, पाच खाचांचे अकरा आणि दोन खाचांचे फक्त सात. दोनवाले मी उगाच जास्त घेतले होते. तीनवाला त्यांच्या जागीही चालतो आणि पुढे कधी एखादा दिवा वाढवायचा झाला तर एक खाच मोकळी मिळते.