दोन कॉम्प्युटर, मधे एकच लॅन केबल: आठ महिन्यांनंतर

मागच्या आठवड्यात २०० जीबीचे व्हिडिओ डेस्कटॉपवरून लॅपटॉपवर कॉपी करायला लावले, तर वेळ दाखवली पाच तास. आठ महिने हेच काम अर्ध्या तासात उरकत होतं. सेकंदाला ११० एमबी मिळणारा वेग थेट ११ वर आला होता.

सर्व्हिस सेंटरवाल्याने केबल न बघताच निदान केलं: पोर्ट गेलाय, मदरबोर्ड बदलावा लागेल. मी लॅपटॉप उचलून घरी आणला. वेग बरोब्बर दहापट पडतो तेव्हा पोर्ट मेलेला नसतो, जोडणी १ जीबीपीएसवरून (सेकंदाला एक गिगाबिट) १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटचा एक बाइट) उतरलेली असते. लॅपटॉपच्या नेटवर्क अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये तसं लिहिलेलंही होतं. दुसरी केबल लावली आणि ११० परत आले.

दोष होता कनेक्टरवरच्या प्लास्टिकच्या खटक्यात. तो तुटला होता, त्यामुळे केबल पोर्टमध्ये नुसती टेकलेली होती. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी नीट टेकली नाही, तरी जोडणी तुटत नाही, कुठली सूचना येत नाही, गुपचूप वेग उतरतो. पूर्ण बंद पडली असती तर मी पहिल्याच मिनिटाला केबल पाहिली असती. शंभर मीटरपर्यंत गिगाबिट नेणारी कॅट ५ई केबल बनवायची आणि तिची सगळी भिस्त नखाएवढ्या प्लास्टिकवर ठेवायची, याचा मला मनापासून राग आहे. डेस्कटॉपला केबल एकदा लावली की कोणी हात लावत नाही. लॅपटॉपची रोज काढली जाते, आणि खटका तिथेच जातो.

बाकी जोडणीबद्दल तक्रार नाही. सुरुवातीला मी क्रॉसओव्हर केबल, म्हणजे आतल्या तारांची अदलाबदल केलेली केबल, शोधत बसलो होतो, ती मेहनत फुकट गेली. गिगाबिट पोर्ट तारांची अदलाबदल आपोआप करून घेतात, साधी केबल चालते. मधे राउटर नसल्याने मशीनना नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता द्यायला कोणी नसतं, म्हणून दोन्ही मशीन १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात. त्यावरही काम होतं, पण मी हाताने १०.१०.१०.१ आणि १०.१०.१०.२ दिले, सबनेट मास्क (कोणते पत्ते एकाच नेटवर्कमधले, ते ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या वाटेचा पत्ता, रिकामा ठेवा, म्हणजे इंटरनेट वाय-फायवरूनच चालू राहतं. आणि वाय-फायचे पत्ते ज्या मालिकेतले आहेत ती मालिका इथे वापरू नका. विंडोज या जोडणीला अनोळखी समजून पब्लिक, म्हणजे परक्यांचं नेटवर्क, ठरवतं आणि फायरवॉल शेअर केलेले फोल्डर अडवते. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. प्रायव्हेट केलं की सुटतं.

मधे एक मत बदललं. आधी मी सगळ्यांना सांगायचो की थेट केबलला तोड नाही. ते अर्धंच खरं आहे. राउटरचे पोर्ट गिगाबिट असतील तर दोन्ही मशीन त्यालाच जोडा, वेग तोच मिळतो आणि पत्त्यांचा खटाटोप वाचतो. माझ्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत आणि धडधाकट राउटर मी बदलणार नाही, म्हणून मला थेट केबल. वाय-फायवर दोन्ही मशीन असली की तीच फाइल हवेतून दोनदा जाते, आधी राउटरकडे, मग तिथून दुसऱ्या मशीनकडे. मोठ्या फाइलींना तो मार्ग मला परवडत नाही. हजारो छोटे फोटो मात्र केबलवरही रेंगाळतात, ते आधी एका झिपमध्ये बांधून पाठवतो.

तुटकी केबल टाकलेली नाही. क्रिम्पिंग टूल (तारांवर कनेक्टर दाबून बसवायची पक्कड) एका मित्राकडून आणलं, टोक कापून नवा कनेक्टर बसवला आणि या वेळी त्यावर खटका झाकणारी रबरी टोपी चढवली. पहिल्या प्रयत्नात तपकिरी तार आत पुरती गेली नव्हती, पुन्हा १०० दिसले. दुसऱ्यांदा जमलं. आता मोठी कॉपी लावण्याआधी स्टेटसमध्ये १ जीबीपीएस दिसतंय का, ते बघतो.