स्लायडिंग की बिजागरीची? घराच्या खिडक्या ठरवण्याआधी

सांगली-साताऱ्याकडे घर बांधणाऱ्यांना माझा सल्ला: झोपायच्या खोल्यांना बिजागरीची यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची) खिडकी घ्या, गॅलरीला स्लायडिंग चालेल.

4 बाय 4 फुटांची दोन झडपांची स्लायडिंग कितीही सरकवली तरी 16 पैकी 8 चौरस फूटच मोकळे होतात. बिजागरीची जवळजवळ पूर्ण उघडते. सांगलीत मे महिन्यात भिंती दिवसभर तापतात. रात्री बाहेर गारवा आला की तो भरपूर आत घ्यायचा आणि ऊन चढायच्या आत खिडक्या लावून टाकायच्या, तर घर निवतं. तिथे अर्धी खिडकी अपुरी पडते. हवेला निघून जायला दुसऱ्या भिंतीत वाटही हवी. जुन्या घरांत छताजवळचे झरोके हे काम करायचे. नव्या नकाशांतून ते गेले, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बंद केल्यावर फरक आणखी जाणवतो. स्लायडिंगची झडप सरकायला फट लागतेच, ती ब्रशसारख्या केसाळ पट्टीने झाकतात. त्यातून धूळ येते, साखर कारखान्यांच्या हंगामात काजळीही. बिजागरीची झडप रबरी गॅस्केटवर दाबून बसते. साताऱ्यात नैर्ऋत्येचा पाऊस वाऱ्यासकट झोडपतो तेव्हा स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये पाणी साचतं, आणि निचऱ्याची भोकं बुजलेली असली की ते घरात उतरतं.

बिजागरीची महाग पडते. झडप बाहेर उघडते, म्हणून ग्रिल आणि जाळी आतून बसवावी लागते. वाऱ्यात आपटू नये म्हणून स्टे (उघडी झडप धरून ठेवणारी पट्टी) दणकट घ्या.

मात्र घर जेवढं घट्ट, तेवढी ताज्या हवेची सोय मुद्दाम करावी लागते. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. बाहेर कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सुमारे 420 भाग असतो. दोघं झोपलेल्या बंद खोलीत पहाटेपर्यंत तो 2000 च्या पुढे जाऊ शकतो. सकाळी डोकं जड होतं ते उगाच नाही. दाराखाली बोटभर फट ठेवा, वर छोटा व्हेंटिलेटर ठेवा. एक्झॉस्ट फॅनलाही आत येणारी हवा लागते, नाहीतर तो नुसता घरघरतो. आणि गॅस गिझर बाथरूममध्ये नकोच. कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड वासही न येता जीव घेतो.

खिडक्या बनवून बसवणाऱ्या फॅब्रिकेटरचे शेवटचे पैसे देण्याआधी दारं-खिडक्या लावून स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट सुरू करा आणि पेटती उदबत्ती प्रत्येक चौकटीच्या कडेने फिरवा. धूर जिथे आत ढकलला जाईल तिथे फट आहे. ती त्याच्याकडून तेव्हाच बुजवून घ्या.