“बॉबर आहे दादा, असंच असतं!”

फसलो त्याला आता वर्ष होत आलं. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लाज वाटत होती. वीस वर्षं गाड्या खोलतोय-जोडतोय, आसपासची पोरं कार्ब्युरेटर साफ करून घ्यायला माझ्याकडे येतात आणि मीच असा गंडलो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? पण गेल्या महिन्यात एका ओळखीच्या मुलाने अशाच एका ‘ऐंशी टक्के तयार’ बॉबरचे, म्हणजे मडगार्डं वगैरे छाटून हलक्या केलेल्या मोटरसायकलचे, फोटो पाठवले आणि विचारलं, “घेऊ का?” फ्रेमवर नवाकोरा काळा रंग होता, समोर नंबर प्लेट नव्हती, आणि माझ्या पोटात गोळा आला. म्हणून लिहितोय.

मला हवी होती ट्रायम्फची ६५० सीसी ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची, १९६३ ते १९७० मधली. कारण अगदी व्यवहारी होतं. त्या वर्षांतल्या ६५०ची फ्रेम दोन तुकड्यांत येते. मागचा तुकडा बोल्टवर असतो. तो सोडवायचा आणि त्याच जागी सस्पेन्शन नसलेला ‘हार्डटेल’ तुकडा चढवायचा. कापाकापी नाही, आणि उद्या मन बदललं तर गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते. १९७१ पासून त्यांनी फ्रेमच्या जाड नळीतच ऑइल ठेवायला सुरुवात केली. त्या फ्रेमला हे जमत नाही, तिथे ग्राइंडर चालवावाच लागतो. घरामागच्या शेडमध्ये एकट्याने काम करणाऱ्याला जुनी फ्रेम म्हणजे वरदानच.

मनासारखी फ्रेम असलेली गाडी दोन वर्षं मिळाली नाही. मग ‘ती’ दिसली.

गाडी एका फळीवर चढवून ठेवली होती. काळी फ्रेम, मरून रंगाची छोटी टाकी, स्प्रिंगवरची एकट्याची सीट, मागे अर्धं कापलेलं मडगार्ड, पुढे मडगार्डच नाही. “काकांची गाडी. ते गेले, मला यातलं काही कळत नाही. पण कुणाही ऐऱ्यागैऱ्याला द्यायची नाही, तुमच्यासारख्या दर्दी माणसाकडेच जायला हवी,” असं विकणारा म्हणाला. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. इंजिन आधीपासूनच गरम होतं. “आत्ताच एक चक्कर मारून आणली, म्हटलं तुम्ही येताय.” मला बिचाऱ्याचं कौतुक वाटलं.

त्या गरम इंजिनाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. ही इंजिनं रात्रभर उभी राहिली की ऑइल टाकीतलं ऑइल हळूहळू झिरपत खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरतं. ऑइल पंपातला व्हॉल्व्ह झिजला असेल तर जास्तच. सकाळी किक मारली की तेच जळून ढगभर धूर निघतो. पिस्टन बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, सैल असेल तर थंड इंजिन खडखडतं. गरम झालं की पिस्टन फुगतो आणि आवाज बसतो. चालू व्हायला किती किका लागतात तेही थंडपणीच कळतं. म्हणजे एक चक्कर मारून ठेवली की तीनही रोग झाकले जातात. हे सगळं मला माहीत होतं. मरून टाकी बघताना आठवलं नाही, एवढंच.

मी प्रश्न विचारले नाहीत असं नाही. स्पीडोमीटर कुठे? एअर फिल्टर? मूळ ऑइल टाकी, मूळ मडगार्डं, साइड कव्हरं कुठायत? प्रत्येक वेळी एकच उत्तर यायचं, तेही हसून, “बॉबर आहे दादा, असंच असतं!”

आणि ते खोटंही नव्हतं, हीच तर गंमत. ‘बॉब’ म्हणजे आखूड कापणं. १९४०च्या दशकात, दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकेतल्या पोरांनी आपल्या जड गाड्यांचं पुढचं मडगार्ड काढून टाकलं, मागचं अर्ध्यावर छाटलं आणि पळायला जे जे नको ते उतरवलं. चॉपर ही नंतरची, पुढे लांबच लांब शॉकअपवाली. बॉबरमध्ये जोडण्यापेक्षा काढण्याला मान. पण याचा दुसरा अर्थ माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. गाडी मूळ रूपात आणायची असती, तर एक जरी पार्ट नसला तरी विकणाऱ्याला उत्तर द्यावं लागलं असतं. बॉबरमध्ये नसणं हीच स्टाइल. चार गाड्यांचे अवशेष एकत्र करून विकायचे असतील, तर याहून सोयीचं पांघरूण कुठलं?

नंबर बघितला का, असं सगळे विचारतात. बघितला ना! आणि तिथेच मी सगळ्यात जास्त शहाणपणा केला. इंजिन नंबर सिलिंडरच्या खाली डाव्या बाजूला असतो. सुरुवातीची अक्षरं होती ‘एडी’. १९६९ पासूनच्या नंबरांत पहिलं अक्षर महिन्याचं आणि दुसरं वर्षाचं असतं. ए म्हणजे जानेवारी, डी म्हणजे १९७०. हे मला पाठ होतं, तोंडावर सांगूनही टाकलं. विकणारा थक्क झाल्यासारखा बघत राहिला, “वा! तुम्ही तर तज्ज्ञ निघालात.” मी फुगलो. ज्या कारखान्यातून गाडी निघाली तिथे इंजिनावर आणि फ्रेमवर एकच नंबर मारत असत, हेही पाठ होतं. म्हणून फ्रेमच्या हेडवर, हँडल बसतं त्या नळीवर, डाव्या बाजूला बोट फिरवलं. तिथे सगळं गुळगुळीत. “पावडर कोटिंग जाड बसलंय दादा. नवा रंग कशाला खरवडताय? घरी नेऊन बघा निवांत.” कागद त्याच्या चुलतभावाकडे होते, आठवड्यात येणार होते. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा एक गिऱ्हाईक येणार होता. हे वाक्य तर मी स्वतः जुने टायर विकताना वापरलंय.

पैसे दिले. बरीच वर्षं साठवलेले होते, एकरकमी दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अठरा किका, मग निळसर धूर, मग खडखड. बायको दारात येऊन म्हणाली, “हीच का ती इंजिन नवं केलेली?” मी म्हटलं जुन्या गाडीला एवढं चालतं. पण आठवडाभराने इंजिनाचं हेड उतरवलं, कारण आवाज सहन होईना. विकणाऱ्याचं म्हणणं होतं, स्टँडर्ड बोअर, नवे पिस्टन. काजळी पुसली तर पिस्टनच्या डोक्यावर ‘+०४०’ छापलेलं. म्हणजे बोअर आधीच चाळीस थाउ (इंचाचे हजारावे भाग) मोठं करून झालेलं, आणि तेही आरशासारखं चकचकीत झिजलेलं. वरच्या कडेला नखाला अडेल असा ओठ होता.

क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनातला दांडा, घेऊन मी लेथवाल्या काकांकडे गेलो. काकांनी आयुष्यभर असल्या इंजिनांची क्रँक खरडलीये. त्यांनी मापं घेतलीच नाहीत आधी. क्रँकच्या बाजूला एक खाचेचं बूच असतं, ते मला दाखवलं. या इंजिनांना आजच्यासारखा कागदी ऑइल फिल्टर नसतो, नुसत्या तारेच्या जाळ्या. बारीक गाळ जाळीतून आरपार जातो, मग क्रँकच्या पोटातल्या एका नळीत फिरण्याच्या जोराने बाहेर फेकला जाऊन चिकटून बसतो. त्याला स्लज ट्रॅप म्हणतात. इंजिन खोललं की तो साफ करायचाच, नाहीतर नळी तुंबून बिग एंडला, म्हणजे क्रँकवरच्या बेअरिंगला, ऑइल मिळत नाही. बूच सुटू नये म्हणून कडेला पंचचा एक ठोका मारलेला असतो. काकांनी त्या ठोक्यावर बोट ठेवलं.

“अरे, हे कुणी उघडलंच नाही कधी. इंजिन नवं केलं म्हणे?”

बूच तापवून, ड्रिल मारून निघालं. मग फ्लायव्हीलचा एक बोल्ट काढावा लागतो, कारण नळी त्यात अडकलेली असते. नळी बाहेर आली ती रिकामी नव्हतीच. आत काळा, मेणासारखा घट्ट गोळा. काकांनी स्क्रू ड्रायव्हरने टोचला तर तुकडा पडला, चुरा झाला नाही. त्यात चंदेरी कण चमकत होते. बेअरिंगचे. मी तो तुकडा बराच वेळ अंगठ्याने चोळत उभा होतो.

एवढ्यावर भागलं असतं तर हे लिहिलं नसतं. इंजिनं दुरुस्त होतात.

काका हात पुसत म्हणाले, “फ्रेम पण आण. ज्याने हे केलं त्याने तिथे काय केलं असेल, बघू.” त्यांनी आधी लोहचुंबक घेतलं, ते पेरूच्या फोडीएवढं, आणि मागच्या नळ्यांवरून फिरवलं. नळीवर टक् करून चिकटायचं, जोडावर आलं की घसरून पडायचं. जोडावर पुट्टी होती, बोटाच्या पेराएवढी. ती खरवडली तर खाली वेल्डिंगचे नुसते गोळे, चिमणीने घाण केल्यासारखे. कडेला लोखंडात उतरलेलंच नाही, वर बसलंय फक्त. आत नळी टाकून, बाहेरून भोकं पाडून तीही वेल्ड करायची असते, तर तसलं काही नव्हतं. दोन नळ्या समोरासमोर ठेवून चिकटवल्या होत्या. हार्डटेलला स्प्रिंग नसतं, प्रत्येक खड्डा थेट त्या जोडाला बसतो.

पण मला खरा धक्का वेगळाच बसला. त्या फ्रेमचा मागचा तुकडा बोल्टने सुटतो, मी त्यासाठीच ती शोधत होतो. मग ती कुणी कापेल कशाला? पहिल्या दिवशी गाडी बघताना हा प्रश्न मला पडायला हवा होता. काकांनी चाकांच्या बाजूने दोरी धरली. पुढचं चाक आणि मागचं चाक एका रेषेत नव्हतं. त्यांचा अंदाज, अपघातात वाकलेली फ्रेम, बोल्टांचे कान पिळवटलेले, म्हणून कापून टाकले. इंजिन धरणारा एक बोल्ट काढला तर तो मिलिमीटरचा. इंचाला २६ आटे असलेल्या भोकात तो दामटून बसवलेला.

फ्रेमच्या हेडवरचा रंग उतरवायला रिमूव्हर लावला. खाली नंबर नव्हता. ग्राइंडरच्या आडव्या रेघा होत्या, आणि त्यावर पुट्टी.

त्याच रात्री याच गाड्या जमवणाऱ्या एका वयस्क गृहस्थांना इंजिन नंबरचा फोटो पाठवला. त्यांनी नंबर वाचलाच नाही. “नंबरामागची जागा बघा,” म्हणाले. १९६९ पासून त्या जागेवर कंपनीच्या नावाचे बारीक बारीक ठसे ओळीने उमटवलेले असत आणि नंबर त्यावर मारत. कुणी घासून नवा नंबर मारला तर ठसे जातात. माझ्या इंजिनावर ती जागा काचेसारखी सपाट होती. आणि आकड्यांमधली अंतरं एकसारखी नव्हती, तेही आता दिसायला लागलं. अक्षरांचा अर्थ मला येत होता, अक्षरं कशावर बसलीयेत ते मी बघितलं नव्हतं. माझ्यासारख्या अर्धवट जाणकारासाठीच तो नंबर मारलेला होता, असं मला अजूनही वाटतं.

आता पुढचं. हे सांगायला जास्त लाज वाटते.

मी विकणाऱ्याला फोन केला. तो चिडला नाही, उलट फार वाईट वाटल्यासारखा बोलला. आमच्या काकांनीच कुठून तरी घेतली असेल फ्रेम, म्हणाला. माझ्याकडे दुसरी आहे दादा, सरळ, नंबरवाली, तिचे कागदही वेगळे मिळतील. थोडा इसार पाठवा, मी राखून ठेवतो. कागद ‘वेगळे’ मिळतील, या शब्दावर माझ्या कानाशी घंटा वाजायला हवी होती. मी इसार पाठवला. बुडालेलं वाचवायच्या नादात माणूस काय काय करतो. दोन दिवस उत्तरं आली, तिसऱ्या दिवसापासून फोन बंद.

मग पोलिसांत गेलो. तक्रार द्यायला गेलो खरा, पण तिथे आधी मलाच प्रश्न विचारले गेले, आणि ते बरोबरच होतं. नंबर घासलेली फ्रेम आणि नंबर बदललेलं इंजिन माझ्या शेडमध्ये होतं. विक्रीची पावती नव्हती. मेसेज मात्र पुसले नव्हते, पैसे बँकेतून गेले होते, फळीवरच्या गाडीचे पहिल्या दिवशीचे फोटो होते, म्हणून निभावलं. फ्रेम आणि इंजिन त्यांनी तपासणीला नेलं. नंबर मारताना खालचा धातूही दबतो, त्यामुळे घासलेला नंबर ॲसिडने कधी कधी परत उमटतो, असं तिथल्या माणसाने सांगितलं. माझ्या बाबतीत अजून काही कळवलेलं नाही. कुणाची तरी चोरीला गेलेली गाडी असेल तर तिला तिचा मालक मिळो.

माझ्याकडे राहिली मरून टाकी, सीट, दोन चाकं, आणि लेथवाल्या काकांनी काचेच्या बाटलीत भरून दिलेला तो काळा गोळा.

गेल्या रविवारी आणखी एक ६५० बघायला गेलो. फोनवर बजावलं होतं, मी येईपर्यंत चालू करू नका. खिशात लोहचुंबक, टॉर्च, दोरी. माणूस बोलायला चांगला होता, गाडी मूळ रूपात होती, मडगार्डं, कव्हरं, सगळं जागच्या जागी. इंजिनावर ठसे होते, व्यवस्थित, ओळीने. फ्रेमच्या हेडवर तोच नंबर. मी सिलिंडरवर हात ठेवला.

गरम होतं.

पाणी प्यायलो, इकडचं तिकडचं बोललो आणि निघालो.