प्रिंटर साडेचार हजारांचा, लूट शाईच्या कार्ट्रिजमध्ये

घरी फोटो छापायला प्रिंटर घेणार असाल तर प्रिंटरची किंमत नंतर विचारा. आधी दुकानदाराला एवढंच विचारा, ‘४×६ इंचांचा एक फोटो छापायला शाई किती रुपयांची जाते?’ याचं सरळ उत्तर न देता तो ‘एका कार्ट्रिजमध्ये इतकी पानं निघतात’ असं सांगू लागला, तर तिथून उठा. मला तिथूनच गंडवायला सुरुवात झाली, आणि पुढे सीलबंद खोक्यातून कुणीतरी आधी वापरलेलं कार्ट्रिज पूर्ण किमतीला माझ्या गळ्यात मारलं गेलं. दसरा-दिवाळीच्या ऑफर लागल्या की असे प्रिंटर धडाधड खपतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

बाबांची पंचाहत्तरी होती. घरात ट्रंकभर जुने फोटो. आजोबांचे, आईबाबांच्या लग्नातले, आमच्या शाळेच्या गॅदरिंगमधले. भाच्याने ते सगळे स्कॅन करून दिले. आम्हा तिघा भावंडांना आणि इंदूरच्या आत्याला एकेक अल्बम द्यायचा ठरला, म्हणजे चारशेच्या वर प्रती झाल्या. लॅबवाला ४×६ च्या प्रतीला बारा रुपये सांगत होता. घरी प्रिंटर आला तर रंग आपल्याला हवे तसे दुरुस्त करून छापता येतील आणि नंतर मुलांनाही उपयोग होईल, असा विचार केला.

दुकान जिल्ह्याच्या गावातलं, चांगलं नावाजलेलं. तिथे टाकीवाला, म्हणजे बाटलीने शाई ओतायचा प्रिंटर बारा हजारांच्या पुढे होता, कार्ट्रिजवाला साडेचार हजारांना. मी टाकीवाल्याबद्दल विचारत होते, पण दुकानदाराने मला त्यावरून हटवलं.

“ताई, टाकीवाला झेरॉक्सवाल्यांसाठी. तुम्ही घरी महिन्याला असं काय छापणार? हा घ्या. फोटो अगदी लॅबसारखा येतो.”

“आणि शाईचं काय हो?”

“कलर कार्ट्रिजला दीडशे पानं. एका ए-फोर पानात तुमचे चार फोटो बसतात. म्हणजे सहाशे फोटो झाले की! एकाच कार्ट्रिजमध्ये काम फत्ते.”

कार्ट्रिजची किंमत साडेनऊशे. त्याच्या हिशेबाने एका फोटोला दीड-दोन रुपयांची शाई. ऐकणाऱ्याला हे गणित बिनचूक वाटतं, आणि नेमकं म्हणूनच ते धोकादायक आहे.

खोक्यावरची दीडशे पानं खोटी नसतात. पण ती कसली पानं, हे दुकानात कुणी सांगत नाही. रंगीत इंकजेटची, म्हणजे शाईच्या प्रिंटरची पानं मोजायची पद्धत आयएसओ २४७११ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेली आहे आणि ती मोजायला कोणती पानं छापायची ते २४७१२ मध्ये. ती कार्यालयीन कागदपत्रांसारखी पानं असतात. मजकूर, एखादा तक्ता, छोटंसं चित्र, आणि कागदाचा बराचसा भाग कोरा. फोटोत कोरा भाग नसतोच. आकाश असो, भिंत असो की साडी, कोपरान् कोपरा शाईने भरतो. बिनकडेचा फोटो छापताना तर थोडी शाई कागदाबाहेरही उडते. म्हणूनच फोटोंची मोजणी वेगळ्या मानकाने होते, आयएसओ २९१०२. कंपन्या काही मॉडेलांसाठी ४×६ फोटोंचा आकडा स्वतंत्र देतात. तो आकडा मागा. दीडशे पानं गुणिले चार हे गणित कुठल्याही कंपनीचं नाही, ते विकणाऱ्याचं आहे. हा माणूस कित्येक वर्षं प्रिंटर विकतो आहे, गावातल्या स्टुडिओंना शाई पुरवतो. हे त्याला माहीत नव्हतं, असं मी मानत नाही.

प्रिंटरसोबत आलेली रंगीत शाई आजोबांच्या फोटोंमध्येच संपली. सोबत येणारी कार्ट्रिजं बऱ्याच मॉडेलांत बाजारातल्यापेक्षा कमी भरलेली असतात, आणि पहिल्यांदा सुरू करताना त्यातलीही थोडी शाई नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं, साफ करण्यात जाते. ते मी धरलं होतं. धरलं नव्हतं ते दुसरंच. आईबाबांच्या लग्नाचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट, तरी भराभर उतरत होती रंगीत शाई आणि काळं कार्ट्रिज जवळपास भरलेलं. कारण असं की, ग्लॉसी फोटो पेपर निवडला की दोन कार्ट्रिजवाल्या बहुतेक प्रिंटरांत काळी शाई वापरलीच जात नाही. ती साध्या कागदासाठीची पिगमेंट शाई, म्हणजे बारीक रंगकणांची, चकचकीत थरावर नीट बसत नाही. मग काळा आणि करडा रंग निळी, गुलाबी आणि पिवळी शाई मिसळून तयार होतो. त्यातली एक जरा कमी पडली की सगळ्या फोटोवर झाक चढते. बाबांचा लग्नातला काळा कोट हिरवट आला, आईच्या शालूची किनार जांभळट. आणि या तिन्ही शाया एकाच डबीत तीन कप्प्यांत असतात. एक कप्पा रिकामा झाला की उरलेल्या दोन शायांसकट डबी फेकायची.

दुकानातून आणलेल्या पहिल्या कार्ट्रिजने तीस-पस्तीस फोटो दिले. म्हणजे एका फोटोला शाईच तीस रुपयांच्या आसपास, वर कागदाचे पाच. लॅबमध्ये बारा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तो हाच हिशेब.

इथपर्यंत सांगितलं ती दिशाभूल. खरी चोरी पुढच्या खरेदीत झाली.

मी पुन्हा रंगीत कार्ट्रिज घ्यायला गेले तेव्हा त्याने ‘दोन घ्या, शंभर कमी करतो’ म्हणून दोन काढून दिली. बिल मागितलं तर ‘पक्कं बिल हवं तर वर जीएसटी पडेल’. हे साफ चूक आहे. एमआरपीत सगळे कर आलेले असतात, एमआरपीच्या वर कर मागता येत नाही. मी हटून बसले आणि मॉडेल क्रमांकासह पक्कं बिल घेतलं. पुढे जे काही मिळालं ते या बिलामुळे.

खोकं सीलबंद होतं, आत पन्नीही होती. कार्ट्रिज बसवलं आणि प्रिंटरच्या पडद्यावर सूचना आली: वापरलेलं किंवा बनावट कार्ट्रिज. मी ते बाहेर काढून खिडकीपाशी उजेडात धरलं. मागच्या बाजूला प्रिंटरला टेकणारे सोनेरी ठिपके असतात. नव्या कार्ट्रिजवर ते आरशासारखे गुळगुळीत असतात. यावर प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध बारीक खड्डा होता, प्रिंटरच्या टाचण्या आधी टेकल्याच्या खुणा. नोझलपाशी पाहिलं, तर वाळलेल्या शाईचा तपकिरी पापुद्रा. वरचं लेबल नखाने उचललं. लेबलखाली भोकं मुळातच असतात, पण ही कशाने तरी मोठी केलेली होती आणि त्यांवर चिकटपट्टी मारून लेबल पुन्हा बसवलेलं. पन्नी परत पाहिली तर तिचा एक जोड कारखान्यातला, सरळ आणि दातेरी, आणि दुसरा हाताने वितळवलेला, वाकडा. दुसऱ्या खोक्यातलं कार्ट्रिज तर मी बसवलंही नव्हतं, त्यावरही तेच. कुणाचं तरी रिकामं कार्ट्रिज सुईने भरून नवीन म्हणून विकलेलं.

रिफिलचा धंदा वाईट नाही. आमच्याच गल्लीत एक मुलगा रिफिल करून देतो, रिफिल म्हणून सांगतो आणि तेवढेच पैसे घेतो. कॉलेजची मुलं त्याच्याकडे जातात, कुणाची तक्रार नाही. रिफिल केलेला माल मूळ कंपनीच्या खोक्यात घालून साडेनऊशेला विकणं ही मात्र फसवणूक आहे.

दुकानात नेऊन दाखवलं. तो जराही हलला नाही.

“ताई, असा मेसेज येतच असतो. कंपनीवाले मुद्दाम देतात, बाहेरचा माल कुणी घेऊ नये म्हणून. ओके दाबा आणि छापत राहा.”

या बोलण्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते लोकांना पटतं. प्रिंटर कंपन्या इतरांची कार्ट्रिजं अडवतात, हे खरं. इटलीच्या स्पर्धा आयोगाने २०२० मध्ये एचपीला याच बाबतीत एक कोटी युरोचा दंड केला, कारण इतरांची कार्ट्रिजं चालणार नाहीत हे ग्राहकांना नीट सांगितलेलं नव्हतं. पण तो विषय दुसऱ्या कंपनीच्या कार्ट्रिजचा. मी पैसे मोजले होते ते मूळ कंपनीच्या नव्या मालाचे. हे म्हटल्यावर त्याने बिलाखालच्या ओळीवर बोट ठेवलं: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

ही ओळ निम्म्या महाराष्ट्राच्या बिलांवर असते आणि ती वाचून लोक गप्प बसतात. बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं त्यात येतं. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. बिल न देणंही त्याच व्याख्येत आहे.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मराठीतून. सोबत बिल, खोक्याच्या सहाही बाजू, खड्डे पडलेले ठिपके आणि पडद्यावरची सूचना, सगळ्याचे फोटो जोडले. कार्ट्रिजच्या कंपनीलाही तेच कळवलं. मोठ्या कंपन्यांकडे बनावट मालाच्या तक्रारींसाठी वेगळी सोय असते, आणि खोक्यावरचा होलोग्राम किंवा क्यूआर कोड खरा की खोटा हे त्या सांगतात. काही दिवसांनी दुकानातून फोन आला, आवाज एकदम मऊ. दोन्ही कार्ट्रिजचे पैसे परत मिळाले. प्रिंटरबद्दल मात्र त्याने कानावर हात ठेवले, आणि ‘सहाशे फोटो’ हे तोंडी बोलणं असल्यामुळे माझ्याकडे त्याचा पुरावा नाही. म्हणून सांगते, असा दावा कुणी केला तर तो बिलावर किंवा व्हॉट्सअॅपवर लेखी मागा. लिहून देत नसेल तर त्याचा अर्थ स्पष्ट आहे.

आता ज्यांना खरंच घरी फोटो छापायचे आहेत त्यांच्यासाठी. टाकीवाल्या प्रिंटरात, म्हणजे एपसनची एल मालिका किंवा कॅननची जी मालिका, रंगीत शाईची बाटली साधारण ६५-७० मिलीची येते. माझ्या कार्ट्रिजमध्ये तीन रंग मिळून जेमतेम काही मिली होती. खोक्यावर मिली लिहिलेलं असेल तर किमतीला त्याने भागून बघा, डोळे उघडतात. माझ्या मैत्रिणीकडे चार रंगांचा टाकीवाला आहे. तिचा ढोबळ हिशेब ४×६ ला दोन-तीन रुपयांची शाई आणि वर कागद. माणसांचे चेहरे जास्त छापायचे असतील तर सहा रंगांचा बघा. त्यात फिकट निळी आणि फिकट गुलाबी वेगळी असल्यामुळे गालांवर ठिपके दिसत नाहीत. पण हे प्रिंटर नियमित वापरात हवेत. महिना-महिना बंद ठेवले की नोझल सुकतात, मग हेड क्लीनिंगमध्ये, म्हणजे नोझल असलेला भाग साफ करण्यात, शाई वाहून जाते. ती वाहिलेली शाई आत एका पॅडमध्ये जमते. पॅड भरलं की प्रिंटर थांबतो. तेव्हा ‘रिसेट मारून देतो’ म्हणणाऱ्याला पॅड बदलायलाही सांगा, नाहीतर शाई टेबलावर गळते. आणि बाटल्याही बनावट मिळतात. यातल्या बऱ्याच प्रिंटरांत हेड मशीनमध्येच बसवलेलं असतं. भलत्या शाईने ते बंद पडलं की दुरुस्ती प्रिंटरच्या किमतीला भिडते.

वर्षातून दोन-चार वेळाच छापणाऱ्यांसाठी कॅननच्या सेल्फीसारखा छोटा डाय-सब प्रिंटर बरा. त्यात द्रव शाई नाही, रिबन असते आणि तिच्यावरचा रंग उष्णतेने कागदावर उतरतो. पिवळा, गुलाबी, निळा आणि शेवटी पारदर्शक थर असा कागद चार वेळा आत-बाहेर जातो. रिबन आणि कागद मोजून एकत्र येतात. १०८ प्रतींच्या पाकिटाच्या किमतीला १०८ ने भागलं की एका फोटोचा पूर्ण खर्च समोर. लॅबपेक्षा महाग पडतो, पण सुकणं, सांडणं, लपलेला खर्च यातलं काही नाही. आकार मात्र पोस्टकार्डापुरता.

आमचे अल्बम शेवटी लॅबमधून झाले. त्या भरलेल्या शाईने मी छापून पाहिलेले काही फोटो दिवाणखान्यात काचेशिवाय लावले होते. हवा आणि उजेड लागून त्यातला निळा आधी उडाला आणि चेहरे विटकरी झाले. मूळ फोटो साठ वर्षांचे होऊनही शाबूत आहेत.

प्रिंटरच्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायची कागदपत्रं जुळवते आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो. त्याच दुकानातून आणखी कुणी कार्ट्रिज घेतली असतील, त्यांनी प्रिंटरमध्ये बसवण्याआधी ते सोनेरी ठिपके उजेडात धरून बघावेत. खोकं, पन्नी, बिल, काहीही फेकू नये.