टीआरएस-२५ की रोमिओ५? स्वस्तातला रेड डॉट घेताना

ठाण्यात राहून एअर रायफल चालवायला जागा कुठे, आम्ही महिन्यातून एकदा मुरबाडला मित्राच्या शेतावर जातो, त्यामुळे रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारं, बंदुकीवर बसवायचं नेम धरायचं साधन) वर्षातले बहुतेक दिवस कपाटातच पडून असतो आणि माझ्या मते खरा फरक तिथेच पडतो. बुशनेलच्या टीआरएस-२५ ला गोल नॉब, फिरवला की चालू, पण बंद करायला विसरलात की पुढच्या वेळी सेल उतरलेला (मी विसरतोच). सिगचा रोमिओ५ हलला नाही की आपोआप झोपतो, उचलला की जागा होतो. सेल दोघांना सीआर२०३२, म्हणजे कुठेही मिळतो.

डॉटचं बघा, बुशनेलचा ३ एमओए (ठिपक्याचा आकार सांगणारं कोनाचं माप, १ एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग), सिगचा २. २५ मीटरवर ३ एमओए म्हणजे साधारण २२ मिलिमीटर, पाण्याच्या बाटलीचं झाकण जवळजवळ झाकून जातं, २ एमओएला तेच १५ मिलिमीटरच्या आत. पण डब्बे पाडायचे असतील तर मोठा डॉट डोळ्याला पटकन सापडतो हेही खरं.

किमतीत बुशनेल बराच खाली, फार पैसा उडवायचा नसेल तर तोच घ्या. दोन्ही पिकॅटिनी रेलवर (बंदुकीवरची आडव्या खाचांची रुंद पट्टी) बसतात, आपल्याकडच्या बऱ्याच एअर रायफलींना ११ मिलिमीटरचा डव्हटेल (त्याहून अरुंद खाच) असतो, तेव्हा अडॅप्टरचे पैसे आधीच धरा. आणि डोळ्याला अ‍ॅस्टिग्मॅटिझम (आडव्या-तिरक्या नंबरचा दृष्टिदोष) असेल तर कुठलाही डॉट फुटलेला दिसू शकतो, आधी कुणाचातरी डोळ्याला लावून बघा. मी रोमिओ५ घेतला, निव्वळ विसरभोळेपणामुळे.