पीडीएफवरून कॅड : २३० ची भिंत २२८.६ का येते? (सहा महिन्यांच्या वापरानंतर)

पीडीएफमधल्या रेघा ड्रॉइंगमध्ये आणणारी ऑटोकॅडची पीडीएफइम्पोर्ट कमांड २०१७ च्या आवृत्तीपासून आहे, एलटी या छोट्या आवृत्तीतही आहे. म्हणजे लायसन्समध्ये तिचे पैसे आधीच भरलेले असतात. सहा महिने वापरून माझी तक्रार एकच उरली: मापं. २३० मिमीची भिंत मोजली की २२८.६, शेजारची तशीच भिंत २३२.८.

आधी पीडीएफ कसली आहे ते बघा. रीडरमध्ये ६४०० टक्के झूम केल्यावर रेघ धारदार राहिली तर व्हेक्टर (खऱ्या रेघांची), चौकोनी ठिपके दिसले तर स्कॅन. स्कॅनमधून ही कमांड फक्त चित्र आणून ठेवते. चित्रावरून आपोआप रेघा काढणारं ऑटो-ट्रेस एका भिंतीचे वीस तुकडे करतं. ते सांधण्यापेक्षा वरून हाताने काढणं लवकर होतं.

सेटिंगमध्ये 'जॉइन लाइन अँड आर्क सेगमेंट्स' चालू ठेवा. तुटक रेघा ओळखायचा पर्याय चालू केला की सुटे डॅश जुळतात, पण सगळ्यांना एकच पीडीएफ_इम्पोर्ट लाइनटाइप (रेघेचा प्रकार) लागतो. सेंटर लाइन आणि लपलेली कड सारखीच दिसते, ती नंतर हाताने वेगळी करावी लागते. सॉलिड फिल ५० टक्के पारदर्शक येतात, तो बिघाड नाही.

आता मापं. पहिले दोन महिने मी कमांडलाच दोष देत होतो, तो मागे घेतो. दोष प्लॉट करतानाचा, म्हणजे ड्रॉइंगची पीडीएफ काढतानाचा आहे. पीडीएफ बनवताना व्हेक्टर क्वालिटी ६०० डीपीआय (एका इंचात ६०० ठिपके) असेल तर प्रत्येक बिंदू इंचाच्या ६०० व्या भागांच्या पट्टीवर जवळच्या घराला सरकतो. कागदावर ०.०४२ मिमी, १:१०० ला प्रत्यक्षात ४.२३ मिमी. २३० त्या पट्टीवर बसतच नाही: ५४ घरं म्हणजे २२८.६, ५५ म्हणजे २३२.८. गंमत अशी की २२८.६ म्हणजे बरोबर नऊ इंच, आणि ११५ ची भिंत ११४.३ येते ती बरोबर साडेचार इंच. त्यामुळे मूळ ड्रॉइंग इंचात होतं असा समज होतो आणि माणूस सगळा प्लॅन इंचात लावायला बसतो. तसं करू नका. डायमेन्शनचा आकडा वाचा आणि भिंत ऑफसेटने (ठरलेल्या अंतरावर समांतर रेघ काढून) नव्याने काढा. पाठवणाऱ्याकडून २४०० डीपीआयवर पुन्हा प्लॉट मिळाला तर तीच चूक १.०६ मिमीवर येते. मागायला पैसे पडत नाहीत.

याच कारणाने स्केल लावताना रेफरन्स म्हणून दार कधीच घेऊ नका. ९०० च्या दारात ४.२३ ची चूक म्हणजे अर्धा टक्का, २४ मीटरच्या ग्रिडवर ती ११३ मिमी होते. सर्वांत लांब ग्रिडचं (कॉलमच्या आखणीरेषांचं) माप घ्या आणि दुसऱ्या दिशेला तपासा. एकावर एक आलेल्या रेघा काढून टाकणारी ओव्हरकिल कमांड स्केल लावल्यावरच चालवा, टॉलरन्स १ ठेवून. जास्त ठेवलात तर काचेच्या जोडरेघांपैकी एक उडते.

अक्षरं: ट्रूटाइप असतील तर टेक्स्ट म्हणून येतात. एसएचएक्स या ऑटोकॅडच्या रेघांच्या फॉन्टची अक्षरं सुट्या रेघा होऊन येतात, त्यांना पीडीएफएसएचएक्सटेक्स्ट कमांड चालवा. फॉन्टच्या यादीत सिम्प्लेक्स, रोमन्स यांच्याबरोबर मूळ ड्रॉइंगचा फॉन्ट घाला, थ्रेशोल्ड (अक्षर किती टक्के जुळायला हवं ते) ९५ वरून ८५ करा. मग ० आणि ओ, ५ आणि एस यांची अदलाबदल डोळ्यांनी तपासा. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधला टायटल ब्लॉक रोमन अक्षरांची खिचडी होऊन येतो. तो पुन्हा टाइप करणंच बरं. डायमेन्शनही सुटी येतात: रेघा, बाण आणि आकडा वेगवेगळे.

ऑनलाइन कन्व्हर्टरची वर्गणी बंद केली. तिथेही भिंत २२८.६ च येत होती.